खाचेची बाजू

त्या वर्षी झाडं उभ्या उभ्या मेली. पाऊस म्हणावा तसा झालाच नाही आणि वर खोडकिडा लागला. सालीखाली बोट घातलं की भुसा हातात यायचा. वारा सुटला की कुणाच्या छपरावर फांदी, कुणाच्या गोठ्यावर फांदी. आम्हा झाडतोड्यांना मात्र मरायला फुरसत नव्हती. दुसऱ्याचं वाईट झालं की आमची चूल पेटते, असला आमचा धंदा. त्याला मी काय करू?

घरात करवत ओढणारे आम्ही दोघंच. एक मूठ माझ्या हातात, दुसरी मामंजींच्या. करवत माणसाएवढी लांब. ती ओढायची असते, ढकलायची नसते. आपल्या बाजूला ओढायची आणि हात सैल सोडायचे, मग समोरचा त्याच्या बाजूला ओढतो. ढकललीत की पातं वाकतं. समोरच्याच्या मनात नसेल तर तुम्ही कितीही जोर लावा, झाड काही कापलं जात नाही.

मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना झाड धुरासारखं दिसायचं. पण करवत हातात घेण्याआधी ते खाचेत अंगठा घालायचे, कडेकडेने फिरवायचे आणि म्हणायचे, "हं. आण करवत." ज्या बाजूला झाड पाडायचं, त्या बाजूला आधी कुऱ्हाडीने खाच घ्यायची, मग मागून करवत लावायची. झाड खाचेच्या बाजूला पडतं. त्यात देव मध्ये येत नाही.

देवाचं नाव काढलं तर त्याच्याबद्दलही सांगायला हवं. त्याच्याबद्दल म्हणजे माझ्या थोरल्या दिराबद्दल. लोक त्याला 'राखलेला' म्हणायचे. देवाने राखलेला. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे, मनात अरे-तुरे. इथे मनातलंच सांगतेय.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमचे हे गेले त्या दिवशी मामंजी तापाने घरी पडले होते. करवतीच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी. थोरला दोरावर. झाड घराच्या भिंतीकडे कललेलं होतं, म्हणून शेंड्याला दोर बांधून ते उलट्या बाजूला ओढून धरायचं होतं. दोर धरणाऱ्याने जवळच्या बुंध्याला दोन वेढे घ्यायचे आणि मगच टोक हातात घ्यायचं, हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. हात सुटला तरी वेढे सुटत नाहीत. थोरल्याने वेढे घेतलेच नव्हते. एका हातात दोर, एका हातात विडी. ह्यांनी ओरडून विचारलंही होतं, "दादा, वेढे घेतलेस ना?" तो म्हणाला, "तू तुझं बघ."

वारा आला. झाड मागे आलं. दोर त्याच्या हातातून सरसरत गेला आणि तो बाजूला उडी मारून पडला. झाड ह्यांच्या अंगावर आलं. मी दुसऱ्या टोकाला होते, माझ्या हातात करवतीची मूठ तशीच राहिली. मीही वाचले होते. पण मला कुणी राखलेली म्हटलं नाही.

लोक धावत आले तेव्हा थोरला मातीत बसून रडत होता आणि सारखा म्हणत होता, "दोर तुटला. दोर तुटला." दोर तिथेच पडलेला होता, पुरा अख्खा. मी तो गुंडाळून घरी आणला. रात्रभर मामंजींच्या उशाशी बसून सांगितलं, "मामंजी, दोर तुटला नाही. हा बघा." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. म्हणाले, "तुटला म्हणतोय ना तो? मग तुटला." त्यानंतर मी कुणाला सांगितलं नाही असं नाही. ज्याला त्याला सांगितलं. लोक म्हणायचे, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

आणि थोरल्याने त्या तुटलेल्या दोरावर केवढा डोलारा उभा केला! आधी चौकात बोलायचा, मग कुणाच्या ओसरीवर, मग लोकांनी जागा दिली, पत्र्याची मोठी शेड बांधून दिली. दर आठवड्याला बैठक. "मरण माझ्या डोक्यावर होतं. देवाने आपल्या हाताने दोर तोडला, मला उचलून बाजूला ठेवलं. का ठेवलं? माझ्याकडून काही करून घ्यायचं होतं म्हणून. तुम्हालाही त्याने कशासाठी तरी राखलंय!" बाया डोळे पुसायच्या. एकदा मला जबरदस्तीने नेलं आणि भर बैठकीत उभं केलं. "हिचा नवरा देवाने नेला, म्हणून आपल्याला हा मिळाला," असं एक म्हातारी म्हणाली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो हात तिथल्या तिथे पिरगाळावासा वाटला. जाऊबाईंनी निघताना मला त्यांचं जुनं लुगडं दिलं. मी त्याने करवत पुसते.

मीही विचार करायचे, मला देवाने कशाला ठेवलं? मूल नाही, बाळ नाही. करवत तर काय, कुणीही ओढेल. मग एक दिवस आपोआप उत्तर आलं. आमच्या दारात चालत आलं, पांढरे कपडे घालून.

आम्ही कुऱ्हाडीचा दांडा बसवत होतो. थोरला आत आला, मामंजींच्या पाया पडला आणि खाटेच्या कडेला टेकला. कपड्यांना माती लागू नये म्हणून आधी फुंकर मारली.

"बाबा, शेडशेजारचं ते मोठं झाड वाळलंय. पाडायला हवं."

"मशीनवाले आहेत की," मामंजी म्हणाले.

"बघून गेले. आतून पोकळ आहे, म्हणतात, मशीन लावली तर कुठेही जाईल. हाताने, सावकाश पाडायला हवं. तुमच्याशिवाय कुणाला जमणार?" मग माझ्याकडे वळला. "आणि धाकटे, मनात एक विचार आलाय. बैठकीच्या दिवशी पाडू. लोकांना रस्त्याच्या कडेला बसवतो, लांब. शेड मोकळी. मी एकटा पायरीवर खुर्ची टाकून बसतो. झाडाखाली."

"झाडाखाली?" मी म्हटलं.

"तू खाच शेताकडे घेशील ना. झाड शेतात पडणार. मला काय होतंय? पण लोकांना दिसेल, की ज्याला देवाने एकदा झाडाखालून काढलं तो झाडाला भीत नाही. शिवाय माझा बाप आणि भावाची बायकोच झाड तोडतायत. मनात किल्मिष नाही कुणाच्या. केवढी खूण होईल, विचार कर!"

मी त्याच्याकडे बघत राहिले. ह्याला लाज कशी ती नाही. आधी भावाच्या मरणाचा तमाशा केला, आता माझ्या हातून त्याचा दुसरा खेळ लावायचा होता.

"बसून राहाल शेवटपर्यंत?" मी विचारलं.

"हलणार नाही. लोकांना तसं सांगूनच ठेवतो."

"सांगाच, भाऊजी," मी म्हटलं. "सगळ्यांना सांगा. हलणार नाही म्हणून."

तो खूश झाला. मामंजी दांड्यावर अंगठा फिरवत राहिले.

मग मी कामाला लागले. करवतीचा एकेक दाता कानशीने घासला. मोतीबिंदूवाल्या माणसाला धार बघता येत नाही, म्हणून ते बोट लावून सांगायचे, "हा बोथट आहे. हा ठीक. हा परत घे." मला आश्चर्य वाटायचं. इतर वेळी ते इतकी चिकित्सा करत नाहीत. बाभळीच्या दोन पाचरी तासल्या. दोर उन्हात पसरला, तेलाचा हात दिला. तोच दोर. इतकी वर्षं आम्ही तोच वापरतोय, चांगला दोर कुणी टाकून देतं का?

आदल्या दिवशी झाड बघायला गेले. जाडजूड खोड, दोघांच्या कवेत मावेल न मावेल. सरळ उभं, कुठेच कल नाही. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला शेडची पायरी. थोरला खडू घेऊन आला आणि त्याने आपल्या हाताने खोडावर शेताच्या बाजूला फुली मारली.

"इथे घे खाच. विसरली नाहीस ना काम?"

"तुम्ही नाही ना विसरलात?" मी म्हटलं. "बरीच वर्षं झाली तुम्हाला."

"अगं, रक्तात आहे ते," तो हसला. "नुसत्या आवाजावरून सांगेन करवत किती आत गेली ते."

ते ऐकून मला फार बरं वाटलं.

बैठकीच्या दिवशी सकाळपासून उकडत होतं. वारा नावाला नव्हता, हे चांगलं. लोक रस्त्याच्या कडेला सतरंज्या टाकून बसले. पोरं खांद्यावर. जाऊबाई पुढच्या ओळीत, नवं लुगडं नेसून. थोरला शेडच्या मागच्या खोलीत दार लावून प्रार्थनेला बसला होता. लोक त्याची वाट बघत होते आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. घामाने भिजलेली बाई कुऱ्हाड घेऊन झाडाभोवती फिरतेय, तिच्याकडे कोण बघणार? खाचेत काय असतं ते तिथे कुणाला माहीत होतं?

मी फुलीकडे गेले. फुली बघितली. तिला वळसा घालून पलीकडे गेले आणि शेडकडे तोंड करून पहिला घाव घातला.

वाळलेलं लाकूड. कुऱ्हाड खणखणत होती, हातापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या. ढलप्या उडून पायरीवर पडत होत्या. खाच रुंद झाली, खोल झाली. आत पोकळीचा काळा भाग दिसला. मग मी शिडी लावून दोर उंचावर बांधला आणि टोक शेताच्या बाजूला नेलं. तिथे जुन्या झाडाचा बुंधा होता. त्याला दोन वेढे घेतले, घट्ट. हे वेढे आहेत तोवर झाड अर्धं कापलं तरी शेडवर जाणार नव्हतं. घाई करायची नव्हती मला. मला त्याला मारायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मारायचं होतं, पण त्याआधी त्याच्या तोंडून काही ऐकायचं होतं.

मामंजींचा हात धरून त्यांना झाडापाशी आणलं. ते वाकले. अंगठा खाचेत घातला, कडेकडेने फिरवला. मग दुसरा हात पसरून शेडच्या खांबाला लावला. किती जवळ आहे ते कळलं असणार. मला वाटलं, आता संपलं. ते कुऱ्हाड मागतील, ओरडतील, लोकांना बोलावतील. त्यांचाच पोटचा गोळा होता तो.

ते सरळ उभे राहिले. तळहातावर थुंकले.

"हं," म्हणाले. "आण करवत."

लोकांत गलका झाला. थोरला बाहेर आला होता. पांढरे कपडे, हात जोडलेले. लोकांकडे तोंड करून तो खुर्चीत बसला आणि मोठ्याने म्हणाला, "ज्याला त्याने राखलंय त्याला कोण मारणार? मी इथून हलणार नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने मान वळवून झाडाकडे बघितलं.

खाच त्याच्याकडे तोंड उघडून बसली होती.

त्याचा चेहरा मी करवतीच्या मुठीवरून बघत होते. आधी त्याला वाटलं असणार, वेडी चुकली. त्याने डोळ्यांनी खूण केली, फुलीकडे. मी मान हलवली. चुकले नव्हते. त्याने दोराकडे बघितलं, दोर कुठल्या बाजूला आहे, वेढे कुठे आहेत. त्याला सगळं वाचता येत होतं. एवढ्या लोकांत त्याला एकट्यालाच येत होतं.

आम्ही करवत लावली. खर्र. खर्र. वाळलेल्या लाकडाचा भुसा पिठासारखा पायांवर पडत होता. थोरल्याने त्याची ती गोष्ट सुरू केली, मरण डोक्यावर होतं वगैरे, पण नेहमीसारखी चालेना. प्रत्येक ओढीला त्याचा शब्द अडखळत होता. लोकांना वाटलं, भरून आलंय. बाया रडायला लागल्या. माझे खांदे भरून आले, तरी मामंजी थांबेनात. त्यांच्या बाजूने करवत नेहमीपेक्षा जोरात जात होती. त्यांना पुरं पडताना मला धाप लागली.

करवत अर्ध्याच्या आत गेली तसं लाकूड कुरकुरलं. मी पाचर लावली आणि मोगरीने दोन ठोके दिले. मग हात थांबवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी दोर तुटला होता ना?"

"हो," तो म्हणाला. "तुटला. देवाने तोडला."

"बरं," मी म्हटलं. "ओढा, मामंजी."

खर्र. खर्र. वरून वाळकी काटकी त्याच्या खुर्चीपाशी पडली. त्याने दचकून पाय वर घेतले. पुढच्या ओळीतला एक जण ओरडला, "घाबरू नका! देव आहे!" आणि सगळे ओरडायला लागले, "देव आहे! देव आहे!" त्याला आता उठताही येईना. त्याच्याच माणसांनी त्याला खुर्चीला बांधून टाकलं होतं.

"भाऊजी, वेढे घेतले होते ना त्या दिवशी?"

झाडातून आवाज आला, कडाड, आतल्या आत. त्याला कळलं किती आत गेली ते. त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट बसले होते.

"बाबा!" तो किंचाळला. "बाबा, थांबवा तिला! खाच इकडे आहे!"

मामंजींनी करवत थांबवली. घाम पुसला. धुरातून बघावं तसं त्याच्या दिशेने बघितलं.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "तू बस. तुला देव राखतोय."

आणि त्यांनी पुन्हा ओढली.

तेव्हा थोरला उठला. उठला म्हणजे खुर्चीसकट कोलमडला, पायऱ्यांवरून घसरला, पांढऱ्या कपड्यांनी माती पुसत हातापायांवर रांगत रस्त्याकडे सुटला आणि लोकांच्या पुढ्यात जाऊन पडला. पळताना तो काय ओरडत होता ते शेवटच्या सतरंजीपर्यंत ऐकू गेलं. "नव्हता तुटला! नव्हता तुटला! मी वेढे घेतले नव्हते, माझ्या हातातून सुटला! मला मारू नका!"

कुणाचं तरी पोर रडायला लागलं, तेवढंच. जाऊबाई लुगड्याचा पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या. ज्या म्हातारीने माझ्या गालावरून हात फिरवला होता, ती हळूच म्हणाली, "त्याच्याकडून हे बोलवून घेणं, हीसुद्धा देवाचीच योजना असेल." बघा! काही लोकांच्या देवाला कधी चुकताच येत नाही.

मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझा जीव शांत होईल. नाही झाला. ह्यांनी विचारलं होतं, दादा, वेढे घेतलेस ना, आणि तो म्हणाला होता, तू तुझं बघ. ते आठवलं. मी शेताच्या बाजूला गेले. शेडमध्ये कुणी नाही, पायरीवर कुणी नाही, हे एकदा नीट बघून घेतलं. मग बुंध्याचा एक वेढा सोडला. दुसरा सोडला.

दोर सरसरत गेला. झाड आधी विचार केल्यासारखं थांबलं, मग सगळं वजन घेऊन गेलं. पत्रे फाटले, खांब वाकले, खुर्चीचं तर काही उरलंच नाही. धूळ रस्त्यापर्यंत आली. धूळ बसल्यावर लोक माझ्याकडे बघत होते. मी झाडाच्या शेंड्यावरून दोर सोडवून घेतला आणि हातावर गुंडाळत रस्त्यावर आले. पुरा अख्खा दोर.

"हे काय केलंस गं?" कुणीतरी म्हणालं.

"मी?" मी म्हटलं. "मी काय केलं? दोर तुटला."

मातीत बसलेला थोरला माझ्या हातातल्या दोराकडे बघत होता. त्याच्यापाशी वाकून मी म्हटलं, "देवाची मर्जी, भाऊजी."

एका खांद्यावर करवत, दुसऱ्या हाताने मामंजींचा हात धरून मी घरी निघाले. वाटेत कुणी अडवलं नाही. पुढे कुणी आम्हाला काम देईल की नाही, हे मनात येऊन गेलं. ज्याची झाडं वाळली आहेत तो देईलच की. घरी आल्यावर मामंजी ओट्यावर बसले आणि म्हणाले, "दोर दे इकडे." मी दिला. ते वेटोळं उलगडून पुन्हा नीट गुंडाळायला लागले, हात-हातभर, अंगठा दाबत.

"इतकी वर्षं हा माझ्या हातात आहे, पोरी," ते म्हणाले. "कुठे गाठ नाही, कुठे सांधा नाही. मला काय कळलं नव्हतं?"

माझा आवाज चढला. "मग बोलला का नाहीत? लोक मला वेडी म्हणत होते. तुम्ही ऐकत बसलात!"

"एक गेला होता. बोललो असतो तर दुसराही गेला असता."

"आणि आज? आज तो उठला नसता तर?"

दोराचं टोक त्यांच्या हाताला आलं. त्यांनी ते वेटोळ्यात खोचलं, दोर खुंटीला लावला आणि चाचपून खात्री केली.

"आज दमलीस ना?" ते म्हणाले. "मी थांबत नव्हतो म्हणून."